अग्निशमन, पोलीस, १०८: ऑनलाइन सीबीटी सुरू करताना कुठे चुकतं आणि क्रम काय ठेवावा

पहिल्या सेशनला बरेच जण केंद्राच्या आवारात, बंबाच्या आडोशाला उभे राहून एका कानात इअरफोन घालून बोलतात. दुसऱ्या वेळी नेटवर्क जातं. तिसऱ्या वेळी बंदोबस्त लागतो. मग "ऑनलाइनचं करून बघितलं, आपल्याला नाही लागू पडलं" असं ठरतं आणि पुढची दोन वर्षं माणूस त्या वाटेला जात नाही. मी अग्निशमन, पोलीस, रेल्वे पोलीस आणि १०८ च्या गाडीवर काम करणाऱ्यांची समुपदेशक आहे. हे इतक्या वेळा पाहिलंय की एकदा क्रमवार लिहायलाच हवं होतं.

कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे सीबीटी, ही विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती आहे. त्यातली थेरपिस्टसोबतची ५० मिनिटं हा लहान भाग. मोठा भाग आठवड्याच्या बाकी दिवसांत तुम्ही काय करता, हा. चुका बहुतेक कॉलच्या आधी होतात, नाहीतर दोन कॉलच्या मधल्या दिवसांत.

## १. आत्ता ऑनलाइन सुरू करायचं का, हे आधी ठरवा

ड्यूटीवरची मनाला हादरवणारी घटना गेल्या एक-दोन आठवड्यांतली असेल तर झोप उडणं, तेच चित्र डोळ्यांसमोर येणं, घरच्यांवर खेकसणं हे अनेकांना होतं आणि बहुतेकांचं पहिल्या महिन्याभरात हळूहळू ओसरतं. या दिवसांत जेवण, झोप, घरातली किंवा टीममधली विश्वासाची माणसं आणि दारूपासून लांब राहणं, एवढं सांभाळा. सगळ्यांना एका खोलीत बसवून "काय काय पाहिलं ते सांगा" असं एकदाच वदवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी अजून चालते. तिचा फायदा होत नाही, काहींना उलट त्रास होतो. तुम्हाला बोलायचं असेल तर जरूर बोला, पण कुणी बळजबरीने बोलायला लावू नये. त्रास इतका असेल की कामच होत नाहीये, तर मात्र महिना पुरा होण्याची वाट पाहू नका.

महिना उलटून गेला आणि त्रास तसाच आहे किंवा वाढलाय, तर पुढे वाचा.

थांबा. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर व्हिडीओ कॉलवर सुरुवात करू नका, आधी समोरासमोर डॉक्टरांना भेटा:
- जीव देण्याचे विचार येतात, त्याची पद्धत डोक्यात ठरते आहे, किंवा हाताशी शस्त्र आहे.
- रोज भरपूर दारू लागते. अशा वेळी ती एकदम बंद करू नका. अंगाला थरथर सुटते, फिट येऊ शकते. दारू सोडवणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.
- कुणी नसताना आवाज ऐकू येतात, किंवा सगळे आपल्या वाईटावर आहेत अशी खात्रीच वाटते.
- घरात मारहाण होते, मग ती तुम्ही करत असा किंवा तुम्हाला होत असो.

मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे. या सगळ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. आत्ता या क्षणी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११२.

## २. त्रासाचं मोजमाप कागदावर घ्या

"टेन्शन आहे" एवढ्यावर उपचार ठरत नाही. त्रास कसला, तो आठवड्यातून किती वेळा होतो, हे आकड्यात आलं पाहिजे. त्यासाठी तीन प्रश्नावल्या सर्रास वापरल्या जातात. पीएचक्यू-९ उदासीसाठी: ९ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, एकूण गुण २७. जीएडी-७ चिंतेसाठी: ७ प्रश्न, एकूण २१. पीसीएल-५ आघातानंतरच्या त्रासासाठी: २० प्रश्न, गेल्या महिन्याबद्दल, एकूण ८०. पहिल्या दोन्हींत १० किंवा जास्त गुण आले, किंवा तिसरीत ३१ ते ३३ च्या पुढे गेले, तर नीट तपासणी हवीच. हे निदान नव्हे. निदान माणूस करतो, कागद नाही.

प्रश्नावली भरताना एक चूक मी सतत पाहते: माणूस "ड्यूटीवर मी कसा असतो" त्या हिशेबाने उत्तरं देतो. ड्यूटीवर तुम्ही ठीकच असता, ते तुमचं प्रशिक्षण आहे. उत्तर द्यायचं ते सुट्टीच्या दिवशीचं, रात्री तीन वाजताचं, मुलाच्या वाढदिवसाला फुगा फुटला तेव्हाचं.

तपासा. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं असेल तर पहिल्या टप्प्यातली यादी पुन्हा वाचा आणि थेरपिस्टला हे पहिल्याच वाक्यात सांगा.

## ३. माणूस निवडा, अ‍ॅप नंतर

ऑनलाइन सीबीटीचे तीन प्रकार दिसतात. एक, थेरपिस्टसोबत दर आठवड्याला व्हिडीओ कॉल. दोन, धडे तुम्ही स्वतः वाचायचे आणि एक प्रशिक्षित माणूस मेसेजवर किंवा छोट्या फोनवर तुमच्या मागे राहणार. तीन, नुसतं अ‍ॅप, पलीकडे कुणी नाही. तिसऱ्यात माणसं सगळ्यात लवकर सोडून देतात. आघातानंतरचा त्रास असेल तर मी पहिलाच प्रकार सुचवते. झोप आणि साधी चिंता एवढंच असेल तर दुसराही चालतो.

"काउन्सेलर" ही पाटी कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, आणि नोंदणी क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. औषधं फक्त डॉक्टर देतात; महाराष्ट्रातल्या मानसोपचारतज्ज्ञाची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. क्रमांक विचारायला लाजू नका. चांगला माणूस न विचारताच सांगतो.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. आघातावरच्या सीबीटीचं प्रशिक्षण आहे का? दर आठवड्याला गृहपाठ असतो का? साधारण किती सेशन लागतील? पाळी बदलली तर वेळ बदलून मिळेल का? गृहपाठ नसेल आणि सेशनच्या संख्येचा अंदाजच नसेल, तर ते मन मोकळं करणं झालं. त्याचीही गरज असते, पण ती सीबीटी नाही. आघातावरच्या सीबीटीला साधारण ८ ते १२ सेशन लागतात. एकाहून अधिक घटना साचल्या असतील तर जास्त, आणि तुमच्या कामात त्या साचलेल्याच असतात.

भाषेचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. वर्दीवर, म्हणजे मदतीची खबर आल्यावर गेलेल्या ठिकाणी, साहेब जे बोलले ते ज्या भाषेत बोलले, त्याच भाषेत ते मनात बसलेलं असतं. ते वाक्य इंग्रजीत सांगायला गेलात की निम्मी धार जाते आणि कामही निम्मंच होतं.

तपासा. खर्च विभाग करत असेल तर "माझ्याबद्दल कार्यालयाला नेमकं काय कळवलं जाईल?" हे लेखी विचारा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर, असे मोजके अपवाद आहेत. ते पहिल्या सेशनमध्ये समजून घ्या.

## ४. जागा, वेळ आणि फोन

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मुंबईत सगळ्यात जास्त सेशन इथे बुडतात.

जागा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आई, बायको, दोन मुलं आणि टीव्ही. तिथे "मला त्या बाळाचा हात आठवतो" हे कुणी कसं बोलणार? म्हणून माणूस गच्चीवर जातो, जिन्यात बसतो, आणि कुणी आलं की विषय बदलतो. पर्याय शोधा, पण सेशनच्या आधी शोधा. ज्याच्या घरी दुपारी कुणी नसतं असा मित्र, ओळखीच्या शिकवणीवर्गातला रिकामा वर्ग, उभ्या केलेल्या गाडीत मागची सीट. घरातूनच करायचं असेल तर घरच्यांना स्पष्ट सांगा: "गुरुवारी चार ते पाच मी डॉक्टरांशी बोलतो, तेवढा वेळ तुम्ही खाली मैदानात जा." लपवून केलं की संशय वाढतो, सांगून केलं की बहुतेक घरं साथ देतात. केंद्राची विश्रांतीची खोली नको. भोंगा वाजला की तुम्ही उठणारच, आणि उठलंच पाहिजे.

वेळ. रात्रपाळी संपवून थेट सेशन नको; डोकं सुन्न असतं, ऐकलेलं राहत नाही. ड्यूटीच्या आधीच्या दोन तासांतही नको. उघडलेली जखम घेऊन गाडीवर चढू नका. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर, पोट भरलेलं असताना बसा. सेशननंतरची निदान ३० मिनिटं मोकळी ठेवा: चालायला जा, चहा घ्या. लगेच दुचाकी चालवायची नाही.

फोन. चार्ज पूर्ण, दोन्ही कानांत इअरफोन, ग्रुपचे मेसेज बंद. कंट्रोल रूमचा नंबर तेवढा चालू ठेवायचा असेल तर तो का चालू आहे ते थेरपिस्टला आधी सांगा. व्हिडीओ तुटला तर कोण कुणाला साधा फोन करणार, हे आधीच ठरवा. फोन घरातली मुलं वापरत असतील तर गृहपाठाच्या वह्यांचे फोटो आणि ऑडिओ कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा. एका जवानाच्या सात वर्षांच्या मुलीने गेम शोधता शोधता बाबाचं रेकॉर्डिंग ऐकलं होतं. ते निस्तरायला आम्हाला तीन सेशन लागली.

थांबा. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला तुम्ही त्या क्षणी नेमके कुठे आहात तो पत्ता आणि एका जवळच्या माणसाचा नंबर थेरपिस्टकडे असायलाच हवा. हे विचारत नसतील तर तुम्ही होऊन द्या. पडद्यापलीकडून धावून येता येत नाही, मदत पाठवता मात्र येते.

## ५. पहिली दोन सेशन

पहिल्याच दिवशी सगळी घटना सांगायची नसते. घटनेचं नाव, साल, आणि त्यामुळे आज काय अडतंय, एवढं पुरतं. "बरं वाटावं" हे उद्दिष्ट चालत नाही, कारण ते झालं की नाही हे कळत नाही. "आठवड्यातून चार रात्री सलग पाच तास झोप", "मुलाला घेऊन लोकलने दादरला जाणं", "घरी आल्यावर पहिल्या तासात दारू नाही" अशी उद्दिष्टं लिहा. तीन पुरेत.

## ६. विचारांची नोंद: इथेच खरं काम आहे

एक साधा तक्ता असतो: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना आणि तिची तीव्रता, विचाराच्या बाजूचे पुरावे, विरुद्धचे पुरावे, आता तोल धरून काय म्हणता येईल. दिसायला सोपा आहे, भरायला अवघड.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घर कोसळल्याच्या वर्दीवर गेलेला एक जवान. विचाराच्या रकान्यात त्याने पहिल्यांदा लिहिलं: "वाईट वाटतं." ही भावना झाली. पुन्हा लिहायला सांगितलं. "असं का झालं?" हा प्रश्न झाला, आणि प्रश्नाला पुरावे मागता येत नाहीत. तिसऱ्यांदा त्याने लिहिलं: "मी आधी उजवीकडे खणलं असतं तर ती वाचली असती. ती माझ्यामुळे गेली." हा खरा विचार. विश्वास ९५ टक्के. अपराधीपणा १०० पैकी ९०.

मग त्याला कागदाच्या मधोमध रेघ मारायला सांगितली. एका बाजूला "तेव्हा काय माहीत होतं", दुसऱ्या बाजूला "नंतर काय कळलं". डावीकडे त्याने वेळेसकट लिहिलं: आवाज डाव्या बाजूने येत होता, उजवीकडच्या स्लॅबला टेकू नव्हता, साहेबांचा आदेश डावीकडचा होता, शेजाऱ्यांनी उजवीकडची खोली रिकामी असल्याचं सांगितलं होतं. रेघेच्या पलीकडे एकच ओळ: "ती उजवीकडे होती, हे पहाटे कळलं." तो बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत बसला. शेवटच्या रकान्यात त्याने लिहिलं: "तिला काढता आलं नाही याचं दुःख राहणार. पण मला जे माहीत होतं त्यावर मी बरोबर जागी खणत होतो." विश्वास ४० वर आला, अपराधीपणा ५५ वर. शून्यावर नाही. शून्य हे उद्दिष्टच नव्हतं.

नेहमीच्या चुका:
- "सकारात्मक विचार" लिहिणं. "सगळं चांगलं होईल" या वाक्यावर तुमचा स्वतःचाच विश्वास बसत नाही. पुराव्यांनी जे सिद्ध होतं तेवढंच लिहा.
- रात्री झोपताना भरणं. तक्ता दिवसा भरायचा. रात्री तो विचारांचं चऱ्हाट होतो.
- सेशनच्या आदल्या तासात सात दिवसांचं एकदम भरणं. प्रसंगानंतर चार तासांच्या आत फोनमध्ये दोन शब्द टिपा, वहीत नंतर उतरवा.
- खरी चूक झाली असेल तर तीही धुऊन काढणं. कधी खरंच चुकलेलं असतं. मग काम वेगळं होतं: चूक किती, तिचा वाटा किती, आणि आता काय करता येईल. थेरपिस्टला खरं सांगा.

तपासा. दोन आठवड्यांत निदान पाच तक्ते झाले का? नसतील तर पुढच्या टप्प्याची घाई नको.

## ७. टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने

"आम्ही रोजच मृतदेह उचलतो, आणखी काय सामोरं जायचं?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो रास्त आहे. फरक असा की ड्यूटीवर तुम्ही मन बंद करून काम करता, करावंच लागतं. उपचारात तीच गोष्ट मन उघडं ठेवून, सुरक्षित जागी, ठरवून करायची असते. पहिल्याने त्रास कमी होत नाही, दुसऱ्याने होतो.

रुळांवरून एक देह उचलल्यानंतर रेल्वे पोलिसातला एक शिपाई त्या स्टेशनच्या टोकाकडे जाईनासा झाला. त्याची शिडी अशी होती, कंसात भीतीचे १०० पैकी गुण: पुलावरून तो फलाट पाहणं (३०), फलाटाच्या मध्यावर बाकावर २० मिनिटं बसणं (४५), टोकाच्या बाकावर बसणं (६०), तिथेच पिवळ्या पट्टीच्या बऱ्याच मागे उभं राहून फास्ट गाडी जाऊ देणं (७५). सगळं ड्यूटी नसताना, गर्दी नसलेल्या वेळी. एक पायरी तीन-चार वेळा केल्यावरच पुढची.

पायरीवर असताना मोबाइलमध्ये डोकं घालणं, दीर्घ श्वास मोजत "हे लवकर संपू दे" म्हणणं, मित्राचा हात धरून उभं राहणं, यातली प्रत्येक गोष्ट मेंदूला सांगते की इथे धोका आहे. त्या सोडा. आणि भीती शिगेला असताना पळून येऊ नका, ती थोडी तरी उतरेपर्यंत किंवा ठरलेला वेळ होईपर्यंत थांबा.

थांबा. घटनेचे व्हायरल व्हिडीओ एकट्याने पुन्हा पुन्हा पाहणं म्हणजे उपचार नव्हे. घटना वर्तमानकाळात सांगून ती रेकॉर्ड करणं आणि रोज ऐकणं हे तंत्र आहे, पण ते थेरपिस्टने सुरू करायचं असतं. या टप्प्यातले पहिले एक-दोन आठवडे स्वप्नं आणि चिडचिड थोडी वाढू शकते. घरी आधी सांगून ठेवा. नेमकं याच वळणावर माणसं सोडून जातात, आणि ते मला सगळ्यात जास्त लागतं, कारण बरं वाटण्याची सुरुवात अगदी पुढच्या वळणावर असते.

## ८. पाळीची झोप

"रोज एकाच वेळी झोपा" हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. त्याऐवजी ड्यूटी असो वा सुट्टी, झोपेचे निदान चार तास समान येतील असं बघा, उदाहरणार्थ सकाळी ८ ते १२. रात्रपाळीहून परतताना गडद गॉगल, घरी जाड पडदा, झोपेच्या सहा तास आधी शेवटचा चहा. २० मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसा. गादीवर लोळत जागणं थांबवा. एकच स्वप्न परत परत पडत असेल तर दिवसा त्याचा शेवट बदलून लिहा आणि रोज दहा मिनिटं तो मनात चालवा.

थांबा. झोपेचे तास मुद्दाम कमी करायचं एक तंत्र सीबीटीत आहे. बंब, व्हॅन किंवा रुग्णवाहिका चालवणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. झोपेच्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका. त्यांनी आघातानंतरचा त्रास बरा होत नाही आणि सवय लागते.

## ९. पावसाळा आणि गणपती

जून ते सप्टेंबर सुट्ट्या रद्द होतात हे माहीत असतं, मग त्याची सोय आधीच करा. शक्य असेल तर सातवा टप्पा या काळात सुरू करू नका. सेशन हुकलंच तर त्या आठवड्यात १० मिनिटांचा फोन आणि एक तक्ता, एवढी किमान हजेरी ठरवून ठेवा. सलग दोन आठवडे पूर्ण गॅप पडला तर पुढचं सेशन मागचं उजळण्यात जाईल. तेही चालेल, पण "आता काय तोंडाने फोन करू" म्हणून थांबू नका. थेरपिस्टला तुमची पाळी माहीत असते, तो रागावत नाही.

## १०. पुन्हा मोजा, आणि मगच थांबा

दर चार सेशननंतर त्याच प्रश्नावल्या पुन्हा भरा. पीसीएल-५ निदान १० ते १५ गुणांनी, पीएचक्यू-९ पाच गुणांनी उतरलं तर दिशा बरोबर. सहा ते आठ सेशननंतरही आकडा हललाच नाही तर स्पष्ट विचारा: "आपण काय बदलायचं?" कधी पद्धत बदलावी लागते, कधी थेरपिस्ट, कधी सोबत औषध. औषध सुरू असेल तर बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका.

शेवटच्या दोन सेशनमध्ये एक कार्ड तयार करा, ओळखपत्राच्या मागे मावेल एवढं. त्यावर तीन गोष्टी: परत बिघडतंय हे सांगणाऱ्या तुमच्या खुणा (माझ्या एका रुग्णाची खूण होती "मुलीच्या शाळेचा मेसेज उघडत नाही"), त्या दिसल्या की करायची दोन कामं, आणि फोन करायची दोन माणसं. घटनेची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आठवडाभर आधीची आठवण लावून. त्या आठवड्यात एक सेशन आत्ताच ठरवून घ्या.